चौदा नंबरच्या तारा

मला बेसूर म्हणणारा माणूस आता हयात नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही शिकवलेलं आहे, पण ज्यांनी शिकवलं त्यांना चारचौघांत कुणी बेसूर म्हटलं नव्हतं. मला म्हटलं होतं. लालबागच्या एका चाळीत, भजनाच्या खोलीत, पंधरा-वीस माणसांसमोर, आणि तेही ज्या वाद्याचा खिळा न् खिळा मला ठाऊक होता त्या वाद्यावरून. तो राग अजून गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि हिंदमाताजवळ एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. मला गाता येत नाही, हे आधीच कबूल करतो. पण कान मात्र असा होता की रेडिओ घुं घुं करायला लागला की मी झाकण न उघडता आत काय बिघडलंय ते सांगायचो. आमचे शेठ गिऱ्हाईक आलं की मला मुद्दाम पाठ करून बसवायचे, रेडिओ लावायचे आणि म्हणायचे, बोल. मी बोलायचो आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. गिऱ्हाइकाला तेवढीच करमणूक. माझं दिसणं, माझं आडनाव, माझी चाळ यातलं काही मी निवडलेलं नव्हतं, पण हा कान मी स्वतः तयार केला होता. म्हणून त्याच्यावर कुणी बोट ठेवलं तर मला सहन होत नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. परळ-लालबागला रोज कुठे ना कुठे सभा, आणि सभेआधी माणसं जमवायला कलापथक. आमच्या कलापथकाचे प्रमुख होते बुवा. मूळचे मालवणकडचे, गिरणीत विणाई खात्यात माग चालवायचे आणि चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा म्हणून सगळा लालबाग त्यांना ओळखायचा. मोर्चात लाठी खाल्लेली, आत जाऊन आलेले, आवाज खणखणीत. ते आमच्या परळच्या चाळीत येऊन आमच्या घरी चहा प्यायलेले होते. आम्ही बौद्ध होऊन दोनेक वर्षंच झाली होती आणि त्यांच्या चाळीतली बाकीची माणसं आमच्या जिन्याच्या तोंडाशीच उभी राहून बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. आईने कप पुढे केला तेव्हा बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते कुणा दुष्ट माणसाबद्दल नाही. दुष्ट माणसाचा राग मला इतकी वर्षं पुरला नसता.

कलापथकात एक जण कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाला होता. त्याने बोटीवरच्या कुणा खलाशाकडून एक गिटार आणली. विलायती, पोटाला पिकअप लावलेला, म्हणजे तारेखाली लोहचुंबकाचा डबा, त्यातून वायर. वर्गणी काढून ती पथकासाठी घेतली. बुवांना हौस अशी की मोठ्या मैदानात पेटी ऐकू जात नाही, तर हे लाउडस्पीकरला जोडू, पोरं धावत येतील. आणल्यावर मात्र ती वाजवणार कोण, हा प्रश्न निघाला. वायर दिसली की लोक मला हाक मारायचे, तशी मारली. लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला ती कशी जोडायची ते मी शोधलं, आणि जोडता जोडता वाजवायलाही शिकलो. शिकवणारं कुणी नव्हतं. रेडिओवर लागेल ते ऐकायचं आणि गिटारीवर शोधायचं, असे आठ महिने घातले.

बुवांनी गिरणी कामगारांवर नवा पोवाडा बांधला होता. पंधरवड्याने एका रविवारी परळच्या मैदानावर मोठी सभा होती, तिथे तो पहिल्यांदा व्हायचा होता. सुरुवातीला एकटी गिटार, मग डफ, मग पेटी, मग बुवांचा आवाज. ती एकट्या गिटारीची सुरुवात मी बसवली होती. मी घरी वडिलांना सांगितलं. वडील रिंग खात्यात होते, म्हणजे सूत काततात तिथे. तीस वर्षं कापसाचा धुरळा छातीत गेल्यामुळे रविवार ते खाटेवर पडून काढायचे. सभेला कधी जात नसत. मी सांगितल्यावर म्हणाले, मी येतो. आईने त्यांचा पांढरा सदरा काढून ठेवला. मला त्या सभेत एवढंच हवं होतं की वडिलांनी समोर बसावं आणि पहिला आवाज माझा निघावा. भाषणं काय, रोज होतीच.

गिटारीच्या तारा गंजल्या होत्या. समुद्राची हवा आणि माझ्या बोटांचा घाम. जुनं पाकीट गिटारीच्या पेटीत होतं, त्यावर बारा हा आकडा. बुवा आणि मी गिरगावकडच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराकडे बाराची होती, चौदाचीही होती. माझी बोटं तेव्हा सोलून निघालेली, ते बुवांनी पाहिलं होतं. म्हणाले, चौदाची द्या, बारीक असतात, पोराच्या बोटांना बरं. दुकानदाराने विचारलं, नक्की चौदाच ना? त्यावर बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने चौदाचं पाकीट पुढे केलं. तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस, त्याला हा नंबर शिकवणार?

आता ज्यांना गिरणी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताला नंबर असतो आणि जितका नंबर मोठा तितकं सूत बारीक. वीस नंबरचं सूत जाडं, साठ नंबरचं मलमलीचं. गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. त्यामुळे बारापेक्षा चौदा बारीक, यात आम्हाला शंका घ्यावी असं काही दिसलंच नाही. मीही मान डोलावली, ते लपवत नाही. चूक दोघांची होती. शिक्षा मात्र दोघांत वाटली गेली नाही.

तारा चढवल्या. डोळ्यांना फरक कळण्यासारखा नव्हता. जरा ताठ वाटल्या, म्हटलं नव्या आहेत. आवाज मात्र भरदार आला. लाउडस्पीकरवाला खूश, बुवा खूश. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच गेल्यासारख्या वाटायला लागल्या, दाबताना बोटं पुन्हा फुटली, आणि माझी ती सुरुवात, जी वरच्या पडद्यांवर होती, पेटीशी जुळेना. खाली सूर बरोबर, वर गेलं की चढा. पेटीवाले काका भले गृहस्थ, ते दोनदा थांबले, तिसऱ्यांदा त्यांनी भाता मिटला. शनिवारची तालीम होती ती.

मी म्हटलं, बुवा, मोकळी तार पेटीशी जुळते आहे, दाबली की चढते, वाद्यातच काहीतरी झालंय. बुवांनी मला पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. खोलीत सगळे बसलेले. डफवाला, झांजवाला, दाराशी चाळीतली माणसं. बुवा चिडले की त्यांची मालवणी बाहेर यायची. ते म्हणाले,

"वाद्याक कशाक दोष देतस? तू बेसूर आसस. सूर रक्तात असूक व्हयो, रे."

रक्तात. हा शब्द त्यांनी काही ठरवून वापरला नसेल. मला ते पुष्कळदा सांगितलं गेलं आहे, की त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. नसेलही. पण खोलीतल्या प्रत्येकाला माझं रक्त कुठलं ते माहीत होतं, आणि तो शब्द ऐकल्यावर एकानेही वर पाहिलं नाही. सगळे चटईकडे बघत बसले. मनात काही नव्हतं तर चटईत काय होतं? बुवा लगेच शांतही झाले. म्हणाले, मनावर घेऊ नको, तू वायरींचं बघ, पुढच्या रविवारी माझा भाचा वाजवील. भाचा गिरगावात राहायचा, कॉलेजात होता, कुठल्याशा क्लासात गिटार शिकलेला होता. तो गुरुवारच्या तालमीला येणार होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मी त्या संध्याकाळी लालबागहून परळला चालत येताना शिकलो. पण त्या रागात भीतीही होती. खरंच मला ऐकू येत नसेल तर? कान हीच माझी भाकरी होती. रात्रभर मी एकेक तार मोकळी छेडत होतो आणि मग बरोबर मधल्या पडद्यावर दाबून छेडत होतो. तिथे तोच सूर वरच्या सप्तकात मिळायला हवा. तो मिळत नव्हता, आणि मिळत नाही हे मला स्वच्छ ऐकू येत होतं. बेसूर माणसाला आपण बेसूर आहोत हे एवढं नेमकं कळतं का?

सोमवारी दुपारी शेठकडून सुटी मागून गिरगावात एका मेस्ताकडे गेलो. मेस्त म्हणजे गोव्याकडचा सुतार. हे व्हायोलिनी दुरुस्त करायचे. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, सरसाचा वास, दोरीवर टांगलेले व्हायोलिनींचे पोकळ सांगाडे. त्यांनी माझी चाळ विचारली नाही, गाव विचारलं नाही. गिटार उचलली, सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून तिच्या मानेवरून पाहिलं, आणि तारा कुठल्या ते विचारलं. मी म्हटलं, चौदाच्या. आधी बाराच्या होत्या, आता बारीक लावल्या आहेत.

त्यांनी चष्मा काढला. कपाटातून जाडी मोजायचं स्क्रूगेज काढलं, पहिली तार त्यात धरली आणि माझ्याच हातात दिलं, तूच वाच. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चौदा. तारेच्या पाकिटावरचा नंबर म्हणजे जाडी. जितका मोठा तितकी जाड. सुताच्या बरोबर उलट. आम्ही अख्खं गिरणगाव डोक्यात घेऊन दुकानात गेलो होतो आणि बारीक म्हणून जाड तारा घेऊन आलो होतो. तारा जाड, तर त्याच सुराला यायला ताण जास्त. ताण जास्त, तर लाकडाची मान पुढे ओढली गेली, तिला कमान आली, तारा पडद्यांवरून उचलल्या गेल्या. आता तार दाबायची म्हणजे लांबून खाली ओढायची, आणि ओढली की सूर चढणार. कुणीही वाजवलं असतं तरी चढला असता.

मेस्तांनी पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली आणि मधली फट मला दाखवली. पोस्टकार्ड दुमडून घातलं असतं तरी गेलं असतं. मग म्हणाले,

"कान तुजे बरे आसात. मान वाकल्या हिची."

मला तिथे रडू आलं. आणि रडू ओसरल्याबरोबर राग आला, आधीच्या दुप्पट. बोटाएवढ्या फटीचासुद्धा प्रश्न नव्हता, कार्डाएवढ्या फटीचा होता, आणि त्यावरून माझ्या रक्तापर्यंत जाऊन पोचले होते.

मी म्हटलं, बाराच्या तारा परत लावू. मेस्तांनी मान हलवली. बाहेरचा माल तेव्हा मुश्किलीने यायचा. दुकानात विचारून पाहिलं, बाराचं पाकीट कुणी घेऊन गेलं होतं. मग याच तारा ठेवायच्या, आणि गिटार त्यांच्याजोगी करायची. मेस्त म्हणाले, मी करणार नाही, तू कर, मी बघतो. तीन दिवस दुपारचं जेवण सोडून मी गिरगावला जात होतो. गिटारीच्या मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, डोक्याजवळच्या छोट्या झाकणाखाली तिचा नट. तो पाव फेरा आवळायचा आणि थांबायचं. लाकूड लगेच ऐकत नाही, एक दिवस घेतं. मी घाईला आलेलो, मला वाटे एकदम पिळून टाकावं. मेस्तांनी पाना माझ्या हातातून काढून खिशात घातला आणि उद्या ये म्हणाले. मंगळवारी आणखी पाव फेरा. बुधवारी मान जवळजवळ सरळ झाली, नखाएवढी कमान ठेवली, कारण तार हलायला तेवढी जागा लागते. डोक्याकडच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचा जाड तारांना अरुंद पडत होत्या, त्या बारीक कानशीने रुंद केल्या. पिकअप जरा खाली घेतला. शेवटी घोडी.

घोडी म्हणजे पोटावरचा तो लाकडी तुकडा, ज्याच्यावरून तारा जातात. या गिटारीची घोडी चिकटवलेली नव्हती, तारांच्या दाबानेच जागेवर उभी राहायची. जाड तारेला लांबी जरा जास्त लागते, म्हणून घोडी मागे सरकवायची. किती मागे? ते कानानेच. मोकळी तार, मग मधला पडदा, पुन्हा मोकळी. मी सरकवत होतो, मेस्त खिडकीत पाठ करून बसले होते आणि अजून, अजून म्हणत होते. एका ठिकाणी आम्ही दोघंही एकदम थांबलो. मी पेन्सिलने घोडीच्या कडेला पोटावर बारीक रेघ मारली. मेस्तांनी बजावलं, या तारांचा ताण फार आहे, वाजवून झालं की दर वेळी सैल करून ठेव, नाहीतर मान पुन्हा येईल. तारा सैल केल्या की घोडी हलणार, तेव्हा ही रेघ सांभाळ.

त्या संध्याकाळी वडिलांना नंबराची गोष्ट सांगितली तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, आमच्याकडे चाळीसचं काढून वीसचं सूत लावलं तर ट्रॅव्हलरच्या कड्या बदलतात, चाकं बदलतात, अख्खी रिंग नव्याने लावून घेतात, नुसता धागा बदलून चालेल कसं? बुवा तीस वर्षं गिरणीत, एवढं त्याला कळू नये? मी म्हटलं, उद्या सगळं समजावून सांगतो त्यांना. वडील म्हणाले, सांगून बघ.

त्या "सांगून बघ"चा अर्थ मला ठाऊक होता. वडील रिंग खात्यात का, आणि बुवा विणाई खात्यात का? विणाईत पगार जास्त, मान जास्त, धुरळा कमी. पण धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, त्यात सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागायचं. एकच धोटा दहा जणांच्या ओठांना लागणार. म्हणून आमच्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. सूत आमच्या हातचं चालायचं, त्याच सुताचं कापड अंगावर चालायचं, फक्त धोट्याला आमचे ओठ चालत नव्हते. वडिलांनी तरुणपणी एकदा विणाईत जाण्यासाठी अर्ज केला होता; नकार आला तेव्हा ते मुकाट्याने रिंगवर परतले. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मला तो आईकडून कळला.

गुरुवारी तालमीला गिटार घेऊन गेलो. बुवांना तारांचा नंबर, मान, घोडी सगळं सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते, पण सासरच्या माणसाचं ऐकावं तसं, हं हं करत. तेवढ्यात भाचा आला. गोरा, सडपातळ, स्वभावाने बरा मुलगा. माझी सुरुवात त्याने काकांकडून पेटीवर दोनदा ऐकून उचलली आणि गिटारीवर वाजवली. स्वच्छ वाजली. वाजणारच, तीन दिवस मी उपाशी राहून ती वाजेलशी केली होती. खोलीभर वा वा झालं. पेटीवाल्या काकांनी मान डोलावली. आणि बुवा सगळ्यांकडे बघून समाधानाने म्हणाले, बघा, हात बदलला आणि वाद्य सुरात आलं.

मी उठलो. भाच्याच्या मांडीवरच्या गिटारीची घोडी दोन बोटांत धरली आणि रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढी पुढे ढकलली. मग पहिली तार मोकळी लावून दिली आणि म्हटलं, वाजव. त्याने वाजवलं. वर गेल्याबरोबर सूर असा चढला की डफवाल्यानेही तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, पुन्हा वाजव. पुन्हा तसंच. भाचा गोंधळून बोटांकडे बघायला लागला. मी घोडी रेघेवर आणली, तार लावली. वाजव. स्वच्छ.

या वेळी कुणी चटईकडे पाहिलं नाही. सगळे बुवांकडे बघत होते. मला खरंच वाटलं की आता ते उठतील, माझ्या पाठीवर हात ठेवतील आणि रविवारी तू वाजव म्हणतील. बुवा मूर्ख नव्हते. त्यांना सगळं समजलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते मी वाचलं. त्यांनी पान काढलं, चुना लावला, आणि अगदी प्रेमाने म्हणाले,

"म्हणजे सेटिंगातलो तू हुशार. मग असा करूया, सेटिंग तुझ्याकडे. वाजवतलो तो."

काम आमचं आणि व्यासपीठ त्यांचं, हे त्यांनी किती सहज वाटून टाकलं. मला बेसूर म्हटलं होतं ते एकवेळ मी गिळलं असतं, कारण तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पण आता ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मला रिंग खात्यात पाठवलं. आणि मी काय केलं? काही नाही. बरं म्हणालो. तेवीस वर्षांचा धडधाकट माणूस, मूग गिळून बरं म्हणाला. बुवांच्याइतकाच मला स्वतःचाही राग येतो तो त्या एका शब्दासाठी.

रविवारी मैदान फुललेलं होतं. मी स्टेजच्या मागे कनातीला लागून बसलो होतो. तारा लावल्या, घोडी रेघेवर ठेवली, गिटार भाच्याच्या हातात दिली. कनातीच्या फटीतून मला वडील दिसले. पुढच्या चार-पाच रांगांत, पांढरा सदरा, टोपी हातात. पहिला सूर निघाला, मीच बसवलेला. भाचा चुकला नाही. वडील मान उंच करून स्टेजवर बघत होते. आधी गिटारवाल्याकडे, मग त्याच्या डावीकडे, मग उजवीकडे, मग झांजवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. पोवाडा गिरणी कामगारांचा होता, सगळे एक असल्याचा होता, आणि बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की शेवटी माणसं उभी राहिली. वडीलही उभे राहिले. टाळ्याही वाजवल्या त्यांनी. मला ते बघवलं नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर गिटार माझ्याकडे परत आली, सेटिंग माझ्याकडे असल्यामुळे. सांगितल्याप्रमाणे मी तारा सैल केल्या. घोडी जागची हलली. मी अंगठ्याला थुंकी लावली आणि ती पेन्सिलची रेघ पुसली. सदऱ्याच्या टोकाने पुन्हा एकदा कोरडं करून पुसलं, खूणसुद्धा राहू दिली नाही. गिटार पेटीत घातली, पेटी गोदामवाल्याच्या ताब्यात दिली आणि वडिलांना गाठलं. घरी आल्यावर त्यांनी सदरा काढून घडी घातली आणि आईकडे दिला.

पुढच्या गुरुवारी पेटीवाले काका दुकानात आले. अवघडून उभे राहिले. म्हणाले, गिटार काही केल्या जुळत नाही, भाचा रडकुंडीला आलाय, शनिवारी सभा आहे, बुवांनी तुला बोलावलंय, येऊन जरा सेटिंग कर. शेठ ऐकत होते, गिऱ्हाईक ऐकत होतं. हातातला तापलेला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा मी शांतपणे स्टँडवर ठेवला. म्हटलं, बुवांना सांगा, भाच्याच्या रक्तात सूर आहे. घोडीची जागा त्याला सापडेल. काका म्हणाले, सांगतो, अस्संच सांगतो. आणि गेले.

ते गेल्यावर मात्र माझं मन खायला लागलं. सभा काही बुवांची एकट्याची नव्हती. चळवळ माझीही होती, मीही घोषणा दिल्या होत्या, पळताना गुडघे फोडून घेतले होते. एका रेघेसाठी मी लढ्याच्या कामात खोडा घातला का? आज मी सांगू शकतो की महाराष्ट्र माझ्या गिटारीवाचून अडला नाही, गिटार पेटीत पडून राहिली तरी तो झाला. पण त्या दिवशी हे माहीत नव्हतं, आणि वडील काय म्हणतील याची मला धास्ती होती. तीस वर्षांत विणाई खात्याकडे एक खराब बॉबिन न पाठवलेला माणूस. कामाशी दगा त्यांना खपत नसे.

ते पाळीवरून आले, मोरीत तोंड धुतलं, भुवयांतला कापूस काढला. मी सगळं सांगून टाकलं. रेघ पुसली तेही, काकांना काय निरोप दिला तेही. वडिलांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर बसले.

"काय म्हणालास? परत सांग."

मी निरोप परत सांगितला, शब्द न् शब्द.

त्यांनी आईला माझंही ताट वाढायला सांगितलं, आणि ताट आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला त्या वेळी हे सुचलं नव्हतं." मग आम्ही जेवायला बसलो.